चित्राखालची ओळ

या मननात डोळे मिटायचे नाहीत. पाठ ताठ ठेवून मांडी घालायचीही गरज नाही. तेवढी जागाच मिळणार नाही. सकाळची मोठी गर्दी ओसरली की अकराच्या सुमाराला नेरूळहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची लोकल धरा. खिडकी मिळाली तर उत्तम, चौथी सीट मिळाली तर त्याहून उत्तम. चौथ्या सीटवर अर्धं शरीर बाहेर असतं, एक पाय जमिनीला रेटून तोल सांभाळावा लागतो, आणि आज आपल्याला तोलाकडेच पाहायचं आहे. फोन पिशवीत टाका. कानातले इअरफोन काढा. घाई नाही, शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आहे.

सोबतीला रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांना घेऊ. जन्म १८ मार्च १८६७, कोल्हापूरचा. घराणं पाठारे प्रभूंचं. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत, म्हणजे जेजेत, विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. मधल्या काळात तैलचित्रं, जलरंग, पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं, घराघरांत लागलेल्या तसबिरी, संस्थानिकांची कामं, दिल्लीच्या सचिवालयासाठी भित्तिचित्रं. सगळी यादी करायला बसलो तर गाडी सीएसएमटीला जाऊन पनवेलला परत येईल. म्हणून यादी नको. त्यांची एक सवय तेवढी घेऊ: समोर आलेल्या माणसाकडे हात चालवत पाहण्याची.

गाडी जुईनगर सोडते आहे. दारात उभ्या असलेल्या एकाच माणसाकडे पाहा. चेहरा सोडा, चेहऱ्याकडे आपण नको तितकं पाहतो. त्याच्या शरीराचं वजन कुठल्या पायावर आहे? दोन्हीवर सारखं नसतंच. एका पायावर वजन आलं की त्या बाजूची कंबर वर जाते, आणि तोल राखायला त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. पाठीचा कणा हलकासा वळतो. हात वरच्या कडीला असेल तर काख ताणली जाते आणि शर्टाच्या चुण्या त्या दिशेने धावतात. मान मात्र या सगळ्याचा हिशेब चुकता करून डोकं सरळ धरते. एवढं दिसायला आपल्याला मिनिटभर लागतं. गुडघ्यावर ठेवलेल्या पिशवीवर बोटाने ती एक रेघ ओढून पाहा, टाचेपासून मानेपर्यंत. कुणी पाहणार नाही. पाहिलं तर म्हणतील, डास मारतोय.

ही रेघ धुरंधर जेजेत शिकले, आणि शिकवणी चमत्कारिक होती. शाळा १८५७ ची, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली. तिथे मुलांना आधी सपाट चित्रांच्या नकला करायला लावत, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींसमोर बसवत. भायखळ्या-गिरगावातून चालत आलेला मुलगा दिवसभर एखाद्या अथेन्सच्या पहिलवानाची मांडी कोळशाच्या कांडीने रंगवत बसे. नंतर कधीतरी जिवंत मॉडेल. धुरंधर आले तेव्हा प्रिन्सिपॉल होते जॉन ग्रिफिथ्स. हेच ग्रिफिथ्स त्याआधी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करत होते. म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यात ग्रीक पुतळाही होता आणि अजिंठ्याची वळलेली मानही. धुरंधरांवर त्यांचा जीव होता, आणि धुरंधरांनीही तो आदर शेवटपर्यंत सांभाळला.

मला नेहमी वाटतं, परक्या शिक्षणाचा खरा कस त्या खोलीबाहेर लागतो. प्लास्टरच्या पहिलवानावरून शिकलेला तोल धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावर आणला आणि तो डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईच्या मानेला, झाडूवाल्याच्या वाकलेल्या पाठीला, टोपी सावरणाऱ्या कारकुनाच्या कोपराला लावून पाहिला. तो तिथे बसला. नऊवारी नेसलेली बाई चालताना पायाची पोटरी कशी दिसते, कासोट्याचा ताण कुठे पडतो, पदर खांद्यावरून सरकू नये म्हणून दंड कसा अंगाशी धरला जातो, हे कुठल्याही युरोपी पुस्तकात नव्हतं. ते त्यांना घरात आणि घराबाहेर पाहूनच मिळवावं लागलं.

सानपाडा गेलं. वाशीनंतर पूल येईल, तेव्हा थोडं थांबू.

पुलावर गाडीचा आवाज बदलतो. आता माणसांवरून नजर काढून पाण्याकडे न्या. कडेला तिवरं, ओहोटी असेल तर चिखल, हिवाळ्यात कधी रोहित पक्षी. या पुलावरून लोकल धावू लागली १९९२ मध्ये. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. धुरंधर वारले १ जून १९४४ रोजी. त्यांच्या हयातीत वाशी, सारसोळे, दिवाळे, करावे ही आगरी-कोळ्यांची गावं होती, भातशेती, मिठागरं आणि मासळी यांवर जगणारी, आणि मुंबई खाडीपलीकडे होती. आपण सकाळी सोडलेलं घर बहुधा तेव्हाच्या कुणाच्या तरी खाजणावर उभं आहे. हे फक्त लक्षात घ्या, त्यावर लगेच हळहळू नका. पाणी जातंय तेवढा वेळ पाहा. श्वास आपोआप लांब होईल, मुद्दाम काही करावं लागणार नाही.

मानखुर्द. लगेजच्या डब्यातून एक-दोन कोळणी उतरतील किंवा चढतील. मासळीचा वास येईल, दोघंतिघं नाकाला रुमाल लावतील. आता धुरंधरांच्या कामातल्या सगळ्यात अवघड जागी येऊ.

१९२० मध्ये मुंबईच्या तारापोरवाला यांनी एक देखणं पुस्तक काढलं, 'विमेन ऑफ इंडिया'. लेखक ऑटो रॉथफील्ड, सनदी नोकरीतले. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं आहेत: मुंबईची मासळीवाली, अहमदाबादची रंगारीण, कानडा मुलखातली नायकीण आणि अशा कितीतरी. प्रत्येक चित्राखाली एक ओळ, आणि त्या ओळीत व्यक्तीचं नाव नाही. जात आहे, धंदा आहे, मुलूख आहे. साहेबाला हा देश समजून घ्यायचा होता आणि समजून घ्यायची त्याची रीत होती खणाखणांत माणसं लावायची: इतक्या जाती, इतके पोशाख, इतके दागिने. जनगणनाही त्याच रीतीची, आणि छायाचित्रांचे जाडजूड खंडही. धुरंधरांनी हे काम घेतलं, पैसे घेतले, वेळेवर चित्रं दिली. त्याआधी १९१२ मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकासाठीही त्यांनीच चित्रं काढली होती. एडवर्ड्सही सनदी नोकरीतले, आणि विषय मुंबईचा मोहरम, इथले सिद्दी, गल्लीबोळांतली रात्र. शहरातल्या नमुनेदार माणसांची धुरंधरांची पोस्टकार्डं परदेशी पत्त्यांवर गेली. घ्या, हा पाहा तुमचा हिंदुस्थान.

इथे धुरंधरांची बाजू मांडण्याची घाई करू नका, आणि त्यांना दोषी ठरवण्याचीही. दोन्ही सोपं आहे. आधी चित्र पाहू. मनात पाहिलं तरी चालेल, आणि ते जमत नसेल तर डब्यातल्या एखाद्या मावशींकडे पाहा, रोखून नको, अदबीने.

चित्राखालची ओळ म्हणते: अमुक जातीची स्त्री. म्हणजे ओळीला हवी आहे सरासरी. पण हाताला सरासरी काढता येत नाही. पेन्सिल कागदावर टेकली की तिला एकच कोपर काढावं लागतं, कुणाचं तरी. तो उजवा हात कमरेवर किती उंचीला टेकला आहे, पाऊल बाहेरच्या बाजूला किती वळलं आहे, नजर चित्रकाराकडे आहे की त्याला टाळून पलीकडे, याचं उत्तर जातीत नसतं, त्या क्षणी उभ्या असलेल्या बाईत असतं. धुरंधरांनी आयुष्यभर रोज माणसं काढली. रोज काढणाऱ्याच्या हाताला साचा लवकर येतो, आणि त्यांच्याही हाताला आला होता. काही चेहरे एकमेकांच्या बहिणी वाटतात, काही स्त्रिया जरा जास्तच गोड झाल्या आहेत, हे कबूल. तरी त्यांच्या बऱ्याच चित्रांत एखादी तरी जागा अशी सापडते की तिथे साचा तुटलेला असतो. कुणी कंटाळलेली आहे. कुणाचा तरी एक पाय दुखतोय असं उभं राहण्यावरून कळतं. कुणाला हे सगळं कधी संपतंय असं झालं आहे. ओळ नमुना मागते आणि रेघ माणूस देऊन बसते. मालकाला ते कळलंही नसेल.

आता करून पाहा. समोरच्या बाकावर जे कोणी बसलं आहे, त्यांच्याखाली तुमच्या मनाने एव्हाना एक ओळ लिहून टाकली आहे. पोशाखावरून, भाषेवरून, हातातल्या डब्यावरून, कपाळावरच्या खुणेवरून. आपण सगळे हे करतो. सव्वाशे वर्षांत साहेब गेला, खण राहिले. ती ओळ पुसायला जाऊ नका, पुसली जाणार नाही. ती राहू दे आणि नजर फक्त हाताकडे न्या. नखं कशी कापली आहेत? अंगठा तर्जनीशी काही चाळा करतो आहे का? मनगट ढिलं आहे की घट्ट? गोवंडी, चेंबूर, टिळकनगर, तीन स्टेशनं एवढंच. कुर्ला येईपर्यंत त्या हाताचा मालक तुमच्या ओळीतून थोडा बाहेर आलेला असेल. नाही आला तरी काही बिघडत नाही.

कुर्ल्याला डबा हलतो, माणसं बदलतात. तुमचा नमुना उतरूनही गेला असेल. धुरंधरांचं हेच व्हायचं. रस्त्यावरचं मॉडेल पैसे घेऊन बसलेलं नसतं.

चुनाभट्टी ते वडाळा या टप्प्यात आपण त्यांच्या नोकरीकडे पाहू, कारण कलावंताच्या नोकरीकडे कुणी मायेने पाहत नाही. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, आणि १८९६ मध्ये ते जेजेतच शिक्षक झाले. इतर कोणी या यशावर स्वार होऊन स्वतंत्र चित्रकार म्हणून बाहेर पडला असता. रविवर्मा डोळ्यांसमोर होतेच: संस्थानिकांची मोठी कामं, आणि १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धुरंधरांनी मात्र हजेरीपट घेतला. वरिष्ठ बदलत गेले. ग्रिफिथ्स गेले, पुढे सेसिल बर्न्स आले, मग ग्लॅडस्टोन सॉलोमन, प्रत्येकाची कला कशी असावी याबद्दलची मतं वेगळी, आणि प्रत्येकाच्या मताप्रमाणे वर्ग चालवायचे. निवृत्तीआधी काही काळ संचालकपदाची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १९४० मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. पदकं, रावबहादुरी, संस्थानिकांचा आश्रय, यांतलं काहीही शीर्षकात घेता आलं असतं. त्यांनी शाळेत घालवलेली वर्षं घेतली.

यात काय वाटतं ते स्वतःशी तपासा. आपल्यातले बहुतेक जण या डब्यात नोकरीमुळेच आहेत. एकाच शाळेत एक्केचाळीस वर्षं म्हटल्यावर मनात पहिला शब्द कुठला येतो: निष्ठा, की अडकणं? मला दोन्ही येतात, आलटून पालटून. जो पहिला आला त्याच्याशी भांडू नका. त्याला बाजूला बसवा, चौथ्या सीटवर.

बाकी त्यांच्यावर टीका झाली, आणि ती सगळी चूक नव्हती. बंगालकडून आवाज आला की मुंबईची शाळा साहेबाची नक्कल करते. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९४७ मध्ये, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला आणि चित्राने गोष्ट सांगावी ही कल्पनाच जुनाट ठरली. पुस्तकात चित्रं काढणारा तो दुय्यम, हा समज तर आजही आपल्या बोलण्यात आहे. चित्रकार म्हटलं की मान डोलते, इलस्ट्रेटर म्हटलं की 'बरं, बरं' होतं.

म्हणून शिवडी ते रे रोडमध्ये एक छोटा प्रयोग. सुरुवातीला सांगितलेला नियम इथे मोडू: आता डोळे मिटा. मनात कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणा. सावकाश. कपड्याचा रंग, हातांची संख्या, मागचं पाणी. मग ती बाजूला ठेवून शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणा: सिंहासन, छत्र, दरबार, पुढे वाकलेली माणसं. चित्र आलं? आता विचारा, हे मला कुणी दिलं? मी राज्याभिषेक पाहिलेला नाही. वर्णन ऐकलं असेल, पण मखमलीवर पडलेला तो उजेड वर्णनातून आलेला नाही. तो कुठल्यातरी कॅलेंडरवरून, क्रमिक पुस्तकातून, आजोळच्या भिंतीवरच्या फ्रेममधून आला. त्या फ्रेमच्या मागे मागे जात राहिलात तर वाटेत रविवर्मा भेटतात आणि धुरंधर भेटतात. राज्याभिषेक धुरंधरांनी रंगवला, देवादिकांच्या तसबिरींसाठी चित्रं दिली, आणि त्यांच्या चित्रांच्या प्रतींच्या प्रती निघत गेल्या. प्रत्येक प्रतीत सही आणखी लहान होत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. आपल्या मनाच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रांना सह्या नसतात. डोळे उघडा.

१९१४ मधलं आणखी एक पुस्तक मला या सगळ्यांत जास्त प्रिय आहे, 'डेक्कन नर्सरी टेल्स'. सी. ए. किंकेड या न्यायखात्यातल्या साहेबाने आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, आपल्या लहान मुलासाठी. आदितवारची कहाणी, सोमवारची, नागोबाची, सोमा परटिणीची. श्रावणात हातात तांदूळ धरून बायका ज्या कहाण्या ऐकत आल्या, त्या पुस्तकात गेल्या आणि तिथे चित्रं होती धुरंधरांची. पुस्तक साहेबाच्या मुलासाठी असलं तरी चित्रकाराला त्या कहाण्या समजावून सांगाव्या लागल्या नव्हत्या. कहाणीतल्या राणीच्या अंगावर काय असेल, ब्राह्मणाची बायको उंबऱ्यात कशी उभी राहील, पार्वती म्हातारीच्या रूपात आली तर किती वाकेल, हे त्यांना घरातूनच ठाऊक. या पुस्तकात चित्राखालची ओळ आणि चित्र यांची भांडणं नाहीत. ओळीत जात-मुलूख नसून कहाणीतला प्रसंग आहे, आणि प्रसंगाला माणूसच लागतो.

डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मस्जिद. ज्या रुळांवरून आपण चाललो आहोत, त्यांवर देशातली पहिली विजेची गाडी धावली, व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, ते कुर्ला, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. धुरंधर तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षात होते, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर शिकवत. नवीन काही आलं की ते पाहायला जाणारे लोक त्यांना आवडत असणार. गर्दीतले पोशाख हे त्यांच्या हाताचं खाद्य.

उतरा, पण लगेच बाहेर पडू नका. वर पाहा. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यावरचं पुष्कळसं कोरीवकाम जेजेच्या शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हातचं आहे: पानं, माकडं, मोर, चेहरे. कोल्हापूरहून आलेल्या विशीतल्या मुलाने १८९० मध्ये ती जवळजवळ कोरी पाहिली. दगडावरचा एकच मोर निवडा आणि त्याच्यासमोर उभे राहा, लोक धक्के देतील तरी. कुणी कोरला ते लिहिलेलं नाही. मग बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्याने उत्तरेकडे चालू लागा, क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने. डाव्या हाताला झाडांनी भरलेलं आवार दिसेल, तेच जेजे. चालताना गती कमी ठेवा. आपल्या स्वतःच्या शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाताना जाणवतं का, ते पाहा. तीच टाचेपासून मानेपर्यंतची रेघ, आता आतून.

१९३१ मध्ये या फाटकातून महादेवराव निवृत्त होऊन बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांची मुलगी अंबिका इथूनच चित्रकलेची सरकारी पदविका घेऊन बाहेर पडली. त्या काळात त्या वर्गात मुली किती थोड्या असत, याची कल्पना करा. पुढे वडील गेल्यावर खारच्या घरात त्यांची चित्रं, रेखाटनं, कागदपत्रं अंबिकाबाईंनी जपली, दशकानुदशकं, कुणी विचारत नव्हतं तेव्हाही. २००९ मध्ये त्या वारल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा इतकं काही पाहायला मिळालं याचं श्रेय अशा जपणाऱ्या हातांना आहे.

आणि अंबिकाबाईंच्या नावाखाली आपण सगळे एकच ओळ लिहितो: धुरंधरांची कन्या. त्या स्वतः चित्रं काढत, प्रदर्शनांत मांडत, त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या. पुढचं मनन त्यांच्या एखाद्या चित्रासमोर बसून करू, आणि त्या दिवशी वडिलांना घरी ठेवून येऊ.